अर्ध्या कड्यावर

घाण मला नवीन नाही. मिनेसोटातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काम केलं. लघवी, शौच, पू, कफ, जेवताना ज्यांचं कुणी नाव काढत नाही ते सगळं मी काचपट्टीवर पसरून पाहिलंय, आणि त्यानंतर हात धुऊन डबा उघडून पोळीभाजी खाल्लीय. त्यामुळे मला कशाची किळस आली असं मी म्हटलं की घरातले लोक कान देऊन ऐकतात. अलास्काहून परत आल्यावर मी तसं म्हटलं. नवऱ्याने विचारलं, "कशाची?" तेव्हा मला चटकन सांगता आलं नाही.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी मुलगी, माझे धाकटे दीर आणि जाऊ. नवऱ्याचे गुडघे गेलेले, तो ईडन प्रेरीला घरीच थांबला. दीर आणि जाऊ प्लेनोला राहतात. दिरांनी पन्नाशीनंतर डोंगर चढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ते दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. कॉलेजात असताना आपण सगळे गड पालथे घातले होते असं ते सांगतात. माझा नवरा म्हणतो, तो एकदा सिंहगडावर गेला होता, दही खायला. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची, मिनियापोलिसमध्ये लायब्ररीत काम करते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लाइंबिंग जिममध्ये दोर बांधून भिंती चढते. घरात खरं चढता येणारी ती एकटी, आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलणारीही तीच.

जाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला ताई म्हणते. तिला उंचीची भीती आहे हे लग्नापासून सगळ्यांना माहीत आहे. मॉलमधल्या काचेच्या लिफ्टमध्येही ती दाराकडे तोंड करून उभी राहते.

अँकरेजजवळ आम्ही आठवड्यासाठी घर घेतलं होतं. ऑगस्टचा महिना, रोज पाऊस. ठरवलेल्या तीन चढायांपैकी दोन पावसाने कॅन्सल झाल्या. शेवटच्या दिवशी उघडलं, आणि दीर सकाळपासून घरभर बूट वाजवत फिरायला लागले. त्यांनी ऑफिसात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवलं होतं की माथ्यावरून फोटो टाकतो.

चहा पिताना जाऊ म्हणाली, "मी खाली गाडीत बसते ना. पुस्तक आहे माझ्याकडे."

"गाडीत बसायला अलास्काला आलीस?" दीर म्हणाले.

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, "चल गं, हळूहळू जाऊ." ते मी प्रेमाने म्हटलं असं तेव्हा मला वाटलं होतं. खरं असं की ती खाली थांबली असती तर तिच्यासोबत थांबायला मलाच सांगितलं असतं, कारण मी वयाने मोठी आणि मी बाई. आणि मला वर जायचं होतं. रिटायर झाल्यापासून मी त्यासाठी अख्खा हिवाळा पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन बेसमेंटचा जिना चढत-उतरत होते.

वाट हायवेच्या कडेच्या पार्किंगपासूनच सुरू होत होती. समोर समुद्राची खाडी. ओहोटी लागलेली, मैलभर राखाडी चिखल उघडा पडलेला आणि ओढ्याच्या तोंडाशी अंडी घालून मेलेले सामन मासे कुजत पडलेले. डोळे पक्ष्यांनी खाल्लेले. तो वास नाकात बसला होता. तिथल्या संडासात कुणीतरी बाळाचे डायपर कोंबून ठेवले होते, म्हणून नंतर आलेले लोक मागच्या झाडीत जात असणार. झुडपांच्या मुळाशी जिकडेतिकडे ओले पांढरे कागद. एवढ्या लांब, माणूस नसलेल्या मुलखात स्वच्छ हवेसाठी यायचं आणि आल्याआल्या हे करायचं. माझ्या मुलीने नाकाला रुमाल लावला. दिरांनी बॅगेला अडकवलेला स्पीकर सुरू केला आणि हिंदी गाणी मोठ्याने लावली. अस्वलं आवाजाने लांब राहतात म्हणे.

मी पाहिलेल्या डोंगरवाटा वळणं घेत चढतात. ही वाट सरळ नाकासमोर चढत होती. चिखल, चिखलात उघडी पडलेली मुळं, काही ठिकाणी कुणीतरी बांधून ठेवलेले जुने दोर, त्यांच्यावरही चिखल. तिथे एक झुडूप असतं, पपईसारखी मोठी पानं आणि खोडापासून पानाच्या शिरेपर्यंत बारीक काटे. जाऊचा पाय घसरला आणि तिने नेमकं तेच धरलं. तळव्यात पंधरा-वीस काटे मोडले. मुलीने बॅगेतून चिमटा काढला आणि वाटेत बसून एकेक काटा उपसायला घेतला.

"मॅनिक्युअर आटोपलं की या," दीर वरून म्हणाले.

मी थोडी हसले. तेव्हा ते हसू मला खटकलं नाही.

पुढे वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा दिसली. मी सवयीने वाकून पाहिली. नुसती रानफळं होती, अख्खी, आणि बिया. "ही स्वच्छ आहे बघ," मी मुलीला म्हटलं. "खालच्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ." ती हसली. जाऊसुद्धा हसली. त्या दिवशी ती हसलेली मला दोनदाच आठवते, त्यातलं हे पहिलं.

दुसरं वर. झाडं तिथे लवकर संपतात. एकदम उघडं रान लागलं, गुडघ्याच्याही खालची झुडपं, शेवाळ, आणि ब्लूबेरी. पाय टाकू तिथे ब्लूबेरी. खाली खाडी शिशासारखी पडलेली. जाऊने मूठभर खाल्ल्या, जीभ जांभळी झाली. हसत म्हणाली, "ताई, बघा, इथपर्यंत आले मी." मग एका मोठ्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आता मी इथेच थांबते. छान आहे इथे."

मुलगी लगेच म्हणाली, "परफेक्ट. मी थांबते काकूंबरोबर. यू टू गो."

"ग्रुप तोडायचा नाही," दीर म्हणाले. "अस्वलांचा भाग आहे. वर गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं आहे, कारण तासाभराने त्यांनी ते स्वतःच मोडलं. पण तेव्हा त्यात तथ्य वाटलं. 'कुणीच नाही' म्हणजे मीही नाही. मी जाऊचा हात धरून तिला उठवलं.

डोंगराच्या धारेच्या शेवटी कडा होता. तीन मजली इमारतीएवढा असेल. काळा, ओला, आणि कुजका. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा दगड हातात यायचा. त्याच्या वरून माथा अर्ध्या तासावर. मुलीने बॅगेतून दोर काढला आणि कमरेचे पट्टे काढले. सकाळी तो दोर भरताना दिरांनी तिची थट्टा केली होती. आताही म्हणाले, "हा काय एव्हरेस्ट आहे?" आणि तसेच, दोर न बांधता, वर चढून गेले. चांगले चढले, हे सांगायला हवं. मग मुलगी चढली, तिने वरच्या खडकाला दोर अडकवला आणि मला वर घेतलं. मला वाटलं होतं त्याहून फार जास्त भीती वाटली. मधे एकदा पाय लटपटायला लागला, शिलाई मशीनच्या सुईसारखा, आणि तो माझ्या सांगण्याने थांबेना. वर पोचले तेव्हा तोंड कडू झालं होतं. मी जमिनीवर पालथी पडले आणि शेवाळाचा वास घेतला.

मग जाऊची पाळी. ती निम्म्यावर आली. तिथे एक पाटाएवढी सपाट जागा होती, त्यावर तिने दोन्ही पाय घेतले, गाल दगडाला टेकवला आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"काकू, राइट हँड वर," मुलगी सांगत होती. "यू आर सेफ. दोर आहे."

"मला हलता येत नाहीये," जाऊ म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू. "मला खाली घ्या. कुणीतरी मला खाली घ्या."

दीर कड्याच्या टोकाशी पालथे झाले होते. मला वाटलं हात द्यायला. त्यांच्या हातात फोन होता.

"मंडळी," ते फोनमध्ये म्हणाले, "ही आमची अर्धांगिनी. नावाप्रमाणे अर्ध्यातच."

आणि मी हसले. गालात नाही, खळखळून. नुकताच जीव वाचलेल्या माणसाला येतं तसं ते हसू होतं, दुसऱ्या कशानेही आलं असतं. पण आलं ते त्या वाक्याला. मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं ती माझ्याकडे लहानपणी पाहायची, मी तिला खोटं सांगितलेलं तिला कळलं की.

"काका, स्टॉप फिल्मिंग," ती म्हणाली. "मी खाली जातेय तिच्याकडे."

"हो, तू जा. तू बस तिच्याजवळ. आम्ही अर्ध्या तासात वर जाऊन येतो." मग माझ्याकडे वळून, "वहिनी, येताय ना? ढग यायच्या आत उरकू."

"आई?" मुलगी म्हणाली.

"तू आहेस ना तिच्याजवळ," मी म्हटलं. "आम्ही पटकन येतो."

माझ्याकडे ते वाक्य तयार होतं. शोधावं लागलं नाही.

माथ्यावर काहीच नव्हतं. आम्ही पोचायच्या आधी ढग पोचला होता, दहा पावलांपलीकडे पांढरं. दगडांची एक रास, तिच्या फटींत संत्र्याच्या साली, च्युइंग गम, ओला कागद. दिरांनी मला त्यांचे फोटो काढायला लावले, पोट आत घेऊन, हात वर करून, कडेने, समोरून. मग त्यांनी संत्रं सोललं, साली दगडाखाली सारल्या आणि अर्धं संत्रं मला दिलं. त्यांची बोटं चिखलाने काळी होती. मी ते खाल्लं. वर फोनला सिग्नल होता. ते बराच वेळ खाली मान घालून अंगठे चालवत राहिले.

"हसतायत सगळे," ते म्हणाले.

कशाला, ते मी विचारलं नाही.

परत कड्यापाशी यायला आम्हाला जवळपास दोन तास लागले. तोवर पाऊस सुरू झाला होता. मुलीने जाऊला केव्हाच खाली नेलं होतं. कसं ते मला नंतर कळलं. ती जाऊच्या बाजूने कड्यावर उतरत गेली आणि म्हणत राहिली, "काकू, फक्त माझा शू बघा. दुसरं काही नाही, माझा शू." जिथे ती बूट ठेवी तिथे जाऊ पाय ठेवी. त्या पाटाएवढ्या जागेवरून जमिनीपर्यंत यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली होती.

मुलीने खालून दोर धरून मलाही उतरवलं. जाऊ कड्याच्या पायथ्याशी दगडाला टेकून बसली होती. तिच्या कमरेभोवती मुलीचं जॅकेट गुंडाळलेलं. मुलगी स्वतः पातळ शर्टात, ओठ निळे.

"जॅकेट घाल ना," मी म्हटलं.

"काकूंना लागतंय."

मी जाऊजवळ वाकले आणि मला कळलं. एकतीस वर्षं तो वास रोज माझ्या नाकासमोर होता. मला त्याचं काही वाटत नाही, कधीच वाटलं नाही. माणूस घाबरला की होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने खांदा काढून घेतला.

एवढ्यात दीर उतरले. "कमरेला काय हे बांधलंय?" म्हणत त्यांनी जॅकेटची बाही ओढली. मुलीने त्यांच्या हातावर फटका मारला. आमच्या घरात मोठ्या माणसाला असं कुणी कधी केलेलं नाही.

"डोन्ट टच हर, काका."

ते हसले, खांदे उडवले आणि स्पीकर सुरू करून पुढे निघाले.

बाकीचा डोंगर जाऊ बसून, सरकत उतरली. चिखलातून, मुळांवरून, तीन तास. मी तिच्या मागे होते. पुढे मुलगी, पुन्हा बूट दाखवत. झाडीत पोचल्यावर तो सामनचा वास परत वर यायला लागला आणि मला मळमळलं. मी थांबून झाडाला टेकले. तेव्हा मला वाटलं, माशांनीच मळमळतंय.

घरी आल्यावर जाऊ बाथरूममध्ये गेली. आतून नळाचा आवाज येत होता, मधेच कपडे आपटल्याचा. वॉशिंग मशीन असून ती हाताने धूत होती. दिरांनी पिझ्झा मागवला आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. मोजे काढलेले, तळवे पांढरे, सुरकुतलेले. मी फोन उघडला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पाहिला.

पुण्याची मंडळी, नागपूरची, प्लेनोची. सासूबाईंनीसुद्धा हसरे चेहरे पाठवले होते. व्हिडिओ लहानसाच. वरून दिसणारा जाऊचा भांग, दगडाला चिकटलेला गाल. मग कॅमेरा जवळ जातो, खाली सरकतो, तिच्या राखाडी पँटवर काळा डाग पसरत असतो, आणि तिथे तो क्षणभर थांबतो. थांबतो आणि मग वर येतो. त्यानंतर ते वाक्य. त्यानंतर माझं हसू, स्पष्ट, एखाद्या लग्नातल्यासारखं.

तोवर मी असं धरून चालले होते की त्यांना काही दिसलं नसेल.

"भाऊजी, तो व्हिडिओ काढून टाका."

"अहो वहिनी, गंमत आहे. तिला सवय आहे माझ्या थट्टेची."

"तुम्हाला दिसलं होतं ना?"

त्यांनी पिझ्झ्यावरचा ऑलिव्ह बोटाने उचलून बाजूला ठेवला. "कुणाला कळतंय एवढं? पाऊस होता, पँट ओली झाली."

"पाऊस नंतर आला."

ते चीजची तार तोंडाने तोडत म्हणाले, "तुम्हीही हसलात की."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ती तेलकट हनुवटी, ते पांढरे तळवे, आणि त्या चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही, नुसता हिशेब बरोबर असल्याचं समाधान. मला त्यांच्याजवळ बसवेना. आणि उठून दुसऱ्या खुर्चीत बसले तर तिथेही मीच होते.

बाथरूमचं दार उघडलं होतं. जाऊ ओल्या केसांनी उभी होती. तिने किती ऐकलं माहीत नाही. ती आली, टेबलावरून नवऱ्याचा फोन उचलला, त्याच्या तोंडासमोर धरून उघडला, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकला आणि फोन परत ठेवला. मग खोक्यातून पिझ्झ्याचा एक तुकडा घेतला आणि मुलीच्या खोलीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी विमानतळापर्यंत ती मुलीशेजारी बसली.

घरी येऊन आठवडा झाल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मीही हसलो होतो बघून. मला वाटलं ती नाटक करतेय." त्याने भावाला फोन लावला. बेसमेंटमध्ये जाऊन बोलला, पण आवाज वर येत होता. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांना फक्त आईच्या तब्येतीसाठी फोन करतात. मला त्याचं वाईट वाटायला हवं. फारसं वाटत नाही.

माझ्या फोनमध्ये माथ्यावरचे फोटो आहेत. त्यातला एक दिरांनी माझा काढलेला. मी खूश दिसते, हातात अर्धं संत्रं. एकदा लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीने तो पाहिला आणि म्हणाली, या वयात केवढी हिंमत. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

जाऊ माझ्याशी बोलायची बंद झाली असं नाही. सणाला मेसेज येतो, वाढदिवसाला येतो. पण फोन ती मुलीला करते. शेजारच्या खोलीतून मला मुलीचं मोडकं मराठी ऐकू येतं, आणि तिकडून जाऊचं हसणं.

पुढच्या वसंतात सासूबाई भारतातून प्लेनोला आल्या, म्हणून आम्हाला जावं लागलं. दुपारी सगळे बाहेर अंगणात होते, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. ती मसालेभातासाठी वांगी परतत होती, मी कोथिंबीर चिरत होते. मी म्हटलं, "मला तुझी माफी मागायची आहे."

"नको, ताई."

"मी हसायला नको होतं. वर जायला नको होतं."

तिने गॅस बारीक केला. "ह्यांचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं माहीत आहे. कड्यावर उभी होते ना, तेव्हा ह्यांचा आवाज ऐकून मला काही वाटलं नाही. तुमचं माहीत नव्हतं."

मी सुरी खाली ठेवली.

"मी रागात नाहीये. पण पुन्हा कुठे जायचं ठरलं, तर मी तुमच्यासोबत येणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा कुणाला कारणं द्यायला नकोत."

"बरं," मी म्हटलं.

तिने कढईत तांदूळ घातला आणि पाणी मागितलं. मी आधणाचं भांडं उचलून तिच्याकडे दिलं.